पंचवीस मिनिटांची धृती

हाती घेतलेल्या कामात माणसाने पहिल्या क्षणापासून स्वतःला सगळेच्या सगळे झोकून द्यावे, की पुढच्यासाठी काही मागे ठेवावे? राखून वागणाऱ्याबद्दल आपल्या मनात थोडा संशय असतो. झोकून देणारा सच्चा आणि मोजून खर्च करणारा हिशेबी, अशी आपली ढोबळ वाटणी. धर्मविचारातही तिला आधार सापडल्यासारखा वाटतो. फळाकडे डोळा न ठेवता कर्म करावे हे गीतेचे सांगणे. आणि बळ राखणारा तर सतत शेवटाकडे, म्हणजे फळाकडेच, बघत असणार. मला ही वाटणी उलटी वाटते. सुरुवातीलाच सारे उधळून टाकणाऱ्यात फळाची ओढ पुष्कळदा अधिक असते आणि बळाची वाटणी करणाराच कर्माला जास्त धरून राहतो, असे माझे म्हणणे आहे. ते तपासण्यासाठी निवडलेले क्षेत्र जरा रांगडे आहे: मिक्स्ड मार्शल आर्ट्समधल्या अजिंक्यपदाच्या लढती, आणि त्यातही पट्टा हिसकावायला आलेला आव्हानवीर. गीता रणांगणावर सांगितली गेली, तेव्हा उदाहरणाच्या रांगडेपणाबद्दल माफी मागण्याचे कारण नाही.

या लढती भरवणाऱ्या यूएफसी या संस्थेची पहिली स्पर्धा नोव्हेंबर 1993 मध्ये डेन्व्हरला झाली तेव्हा गुण देणारे पंच नव्हते. पुढे नियम आले. आज साधी लढत पाच मिनिटांच्या तीन फेऱ्यांची असते, अजिंक्यपदाची पाच फेऱ्यांची, आणि दोन फेऱ्यांमध्ये एका मिनिटाची विश्रांती. म्हणजे ज्याची बहुतेक कारकीर्द पंधरा मिनिटांच्या मापात गेली, त्याच्यासमोर अचानक पंचवीस मिनिटे येतात. 2011 पासून यूएफसीत मुख्य लढती पट्ट्याविनाही पाच फेऱ्यांच्या होऊ लागल्या, त्यामुळे काहींना आधी सराव मिळतो. पण चौथ्या-पाचव्या फेरीचे तोंड न पाहिलेले आव्हानवीर अजूनही येतात. विजेता त्या वाटेने बहुधा आधी गेलेला असतो. त्यातून गुणांची पद्धत अशी की प्रत्येक फेरी स्वतंत्र मोजली जाते: फेरी जिंकणाऱ्याला दहा, हरणाऱ्याला बहुधा नऊ. पहिल्या फेरीचे मोल पाचवीइतकेच. सुरुवातीच्या दोन फेऱ्या सोडून देऊन नंतर उसळी मारीन, असे म्हणायची सोय नाही. बरोबरी झाली तर पट्टा होता तिथेच राहतो. आणि या सगळ्यावर कडी म्हणजे, कोणत्याही सेकंदाला एका ठोशाने, एका पकडीने खेळ संपू शकतो. मॅरेथॉन धावणाऱ्याला बेचाळीस किलोमीटर आहेत हे ठाऊक असते. आव्हानवीराला एकाच वेळी दोन गोष्टी खऱ्या मानून लढावे लागते: हे आत्ता संपेल, आणि हे पंचवीस मिनिटे चालेल. शक्ती कशी वाटायची हा प्रश्न इथे निव्वळ तंत्राचा उरत नाही. कर्माची लांबी अज्ञात असताना कर्म कसे करावे, असा तो प्रश्न होतो.

शरीराची बाजू थोडक्यात सांगून टाकतो. पूर्ण ताकदीने मारलेल्या ठोशांसाठी स्नायूंत जो तयार साठा असतो तो दहाएक सेकंदांत आटतो. त्यानंतर प्राणवायूवाचून चालणारी यंत्रणा थोडा वेळ भार उचलते आणि मग सगळी भिस्त श्वासावर येते. रिंगणाच्या जाळीला दाबून धरलेल्या माणसाचे आवळलेले स्नायू तर स्वतःचाच रक्तपुरवठा अडवतात. तालमीत ज्याला दम उखडणे म्हणतात ते हेच. जुलै 2010 मध्ये लास व्हेगासला शेन कार्विन ब्रॉक लेस्नरसमोर उभा राहिला तेव्हा तो अपराजित होता. बाराच्या बारा लढती त्याने पहिल्याच फेरीत संपवल्या होत्या. (त्याच्याकडे तात्पुरत्या अजिंक्यपदाचा पट्टा होता, पण खऱ्या अर्थाने तो आव्हानवीरच.) पहिल्या फेरीत त्याने लेस्नरला खाली घालून असे बडवले की पंच लढत थांबवणार असे वाटत होते. पंचांनी थांबवली नाही. दुसऱ्या फेरीला कार्विनचे हात जड झाले होते, पाय हलत नव्हते, आणि दोन मिनिटे एकोणीस सेकंदांत लेस्नरने हात आणि मान एकत्र आवळून त्याला शरण आणले. बारा झटपट विजयांनी कार्विनला एक गोष्ट शिकवलीच नव्हती: दुसरी फेरी असते.

पण माझ्या मुद्द्याला कार्विनपेक्षा फ्रान्सिस एन्गानू अधिक उपयोगी आहे. कॅमेरूनमध्ये जन्मलेल्या आणि पॅरिसमध्ये हा खेळ शिकलेल्या या माणसाने एकाच शरीरानिशी तीन निरनिराळ्या वृत्ती जगासमोर मांडल्या. डिसेंबर 2017 मध्ये त्याने ॲलिस्टर ओव्हरीमला पहिल्याच फेरीत बेशुद्ध पाडले होते. पुढच्याच महिन्यात, 20 जानेवारी 2018 रोजी, बॉस्टनमध्ये त्याची गाठ हेवीवेट विजेत्या स्टीपे मिओचिचशी पडली. एन्गानूने पहिल्या फेरीत पल्ल्यात येईल तेवढे सगळे फेकले. मिओचिच चुकवत राहिला, पाय धरून त्याला खाली आणत राहिला, आणि उरलेल्या फेऱ्यांत एन्गानू तोंड उघडे टाकून जाळीला टेकलेला दिसला. पाचही फेऱ्या संपल्या तेव्हा तिन्ही पंचांचा निकाल एकच होता, 50-44. लोकांनी याला अतिधाडस म्हटले. मला त्यात धाडसापेक्षा घाई जास्त दिसते, आणि घाई म्हणजे फळ आत्ताच हातात यावे ही मागणी. ज्याला अनिश्चितता सोसवत नाही तो ती लवकरात लवकर संपवायला बघतो. पहिल्या मिनिटातला तो भडिमार प्रतिस्पर्ध्याइतकाच 'पुढे काय होईल' या प्रश्नावरही असतो. ॲरिस्टॉटलने निकोमाखीय नीतिशास्त्रात उतावळ्या माणसाबद्दल म्हटले आहे की संकट येण्याआधी तो त्याची वाट बघत असतो आणि संकटात शिरल्यावर मागे सरतो, तर शूर माणूस आधी शांत असतो आणि कृतीच्या वेळी तिखट. इथे मागे सरणारे मन नव्हते, फुप्फुसे होती. बाकी वर्णन तंतोतंत जुळते.

सहा महिन्यांनी, जुलै 2018 मध्ये, एन्गानू डेरिक लुईसविरुद्ध उतरला. पट्टा पणाला नव्हता, तीनच फेऱ्यांची लढत. पंधरा मिनिटे दोघे एकमेकांकडे बघत उभे राहिले, क्वचित एखादा हात पुढे आला, प्रेक्षकांनी हुर्यो उडवली आणि लुईस गुणांवर जिंकला. आधीच्या पराभवाची भीती आपण या लढतीत घेऊन गेलो, असे एन्गानूने नंतर जाहीरपणे कबूल केले. या वेळी त्याचा दम उखडला नव्हता. त्याच्याकडे शक्ती शिल्लक होती, भरपूर होती, आणि तिचा काही उपयोग नव्हता. शक्ती राखणे हा स्वतःच गुण आहे असे मानणाऱ्याने ही लढत जरूर पाहावी, एकदा पुरे. तीत लढाई नव्हती, साठा होता. कुस्तीच्या इतिहासातले अशाच साठेबाजीचे नामांकित उदाहरण म्हणजे 10 सप्टेंबर 1910 ची लंडनमधली गामा विरुद्ध स्टॅनिस्लाव झ्बिश्को ही कुस्ती. तिथे आव्हान देणारा गामा होता. झ्बिश्को बहुतेक वेळ गादीवर पोटावर पडून राहिला आणि अडीच तासांहून अधिक वेळ चाललेली कुस्ती बरोबरीत सुटली. आठवड्याने ठरलेल्या फेरकुस्तीला तो आलाच नाही. 1928 मध्ये पतियाळाला दोघे पुन्हा भिडले तेव्हा गामाने त्याला मिनिटाच्या आत चीत केले. पोटावर पडून राहणे नियमात बसत होते, दमसासही त्याला लागत होता. तरी त्याला कुणी धीर म्हणणार नाही.

मग धीर कशाला म्हणायचे? गीतेच्या अठराव्या अध्यायात धृतीचे तीन प्रकार सांगितले आहेत, आणि वृत्तींचे इतके नेमके वर्गीकरण मला दुसरीकडे आढळलेले नाही. पहिली धृती मन, प्राण आणि इंद्रियांच्या क्रिया योगाने स्थिर धरून ठेवते. दुसरी धर्म, अर्थ आणि काम यांना फळाच्या इच्छेने धरून ठेवते. तिसरी धृती असलेला मंदबुद्धी माणूस झोप, भय, शोक, खिन्नता आणि मद सोडत नाही. लक्षात घेण्याजोगे हे की तिसरीलाही गीता धृतीच म्हणते. भयाला घट्ट धरून बसणे हीसुद्धा एक चिकाटी आहे; लुईससमोरचा एन्गानू आणि गादीला चिकटलेला झ्बिश्को यांच्याकडे ती भरपूर होती. म्हणजे प्रश्न 'किती राखले' हा नाही, 'काय धरून ठेवले' हा आहे. त्याच अध्यायात तामस कर्त्याच्या लक्षणांत विषादाबरोबर दीर्घसूत्रीपणाही येतो, कामाला निष्कारण लांबण लावण्याचा. बळाची वाटणी आणि दीर्घसूत्रीपणा बाहेरून सारखे दिसतात, आणि दोन्हींत गफलत केल्यामुळेच राखून लढणाऱ्यावर आपण संशय घेतो. उलट सात्त्विक कर्त्याला दोन गोष्टी एकत्र लागतात असे गीता सांगते: धृती आणि उत्साह. नुसता उत्साह बॉस्टनमध्ये होता, नुसती (आणि तीही तिसऱ्या प्रतीची) धृती जुलैमध्ये.

दोन्ही एकत्र दिसले ते 27 मार्च 2021 ला, त्याच मिओचिचसमोर, पुन्हा आव्हानवीराच्याच भूमिकेत. पहिल्या फेरीत एन्गानूने अंतर राखले, नेमके ठोसे मारले, मिओचिचने पाय धरायचा प्रयत्न केला तो मोडून काढला, आणि संधी दिसूनही मागे धावत सुटला नाही. दुसऱ्या फेरीच्या बावन्नाव्या सेकंदाला लढत संपली. म्हणजे पंचवीस मिनिटांच्या तयारीने उतरलेल्या माणसाला सहा मिनिटेच लागली. म्हणूनच मी बळाच्या वाटणीला सावकाशीचे तंत्र म्हणत नाही. ती आधी एक संमती असते: हे काम जितके लांब असेल तितका वेळ मी त्यात राहीन. ती दिली की लवकर संपले काय, उशिरा संपले काय, हातातल्या ठोशाकडे लक्ष देता येते. जानेवारी 2018 मध्ये ती दिलेली नव्हती.

यावर पहिला आक्षेप शरीरशास्त्राचा. हे सगळे फुप्फुसे, हृदय आणि सरावाचे काम आहे, त्यात वृत्ती कुठून आली? आक्षेपात तथ्य आहे, पण अर्धे. दक्षिण आफ्रिकेचे व्यायामशास्त्रज्ञ टिम नोक्स यांचा सिद्धांत असा की शरीर खरोखर रिते होण्याच्या खूप आधी मेंदू लगाम खेचतो, आणि थकवा ही त्याने निर्माण केलेली भावना असते. सिद्धांत वादग्रस्त आहे, पण त्यामागचे एक निरीक्षण नाकारणे कठीण जाते: पाच आणि दहा किलोमीटरच्या विश्वविक्रमी धावांत शेवटचा किलोमीटर मधल्या किलोमीटरांपेक्षा बहुधा वेगाने धावलेला असतो. जो साठा संपला होता तो शेवट दिसताच कुठून आला? म्हणजे थकण्यात 'अजून किती बाकी आहे' या अंदाजाचा मोठा वाटा असतो, आणि अंदाज ही मनाची क्रिया. तरीही मनाच्या हाती सगळे नाही, हे जून 2015 मध्ये मेक्सिको सिटीत दिसले. केन व्हेलास्केझ हा विजेता न थकण्यासाठीच ओळखला जायचा. समुद्रसपाटीपासून 2,240 मीटरवरच्या विरळ हवेत त्याचा दम लवकर उखडला, आणि आधीपासून उंचावर राहून सराव केलेल्या फाब्रिसियो व्हेर्डूमने त्याला तिसऱ्या फेरीत मान आवळून शरण आणले. कर्माची पाच कारणे सांगताना गीता अधिष्ठान, कर्ता, करण आणि चेष्टा यांच्याबरोबर दैवही मोजते ते याचसाठी. व्हेर्डूमने आधी जाऊन राहणे ही चेष्टा. ती ज्याच्या हाती असते त्याला दैवाचा वाटा थोडा कमी करता येतो, पुसता येत नाही.

दुसरा आक्षेप मला जास्त अडचणीचा वाटतो. एन्गानूचा एखादा ठोसा बॉस्टनमध्ये बसला असता तर आपण त्याच भडिमाराला निर्भय म्हटले असते. तेव्हा ही सगळी तत्त्वचिंता निकाल लागल्यानंतरची शहाणीव आहे. बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगेल या तत्त्वज्ञांनी 1976 मध्ये नैतिक दैवाचा जो प्रश्न मांडला तो हाच: ज्या निकालावर आपला ताबा नाही त्यावरून आपण माणसाला थोर किंवा क्षुद्र का ठरवतो? म्हणून निकालाची साक्ष मी सोडून देतो. तसे पाहिले तर ती सरळ नाहीच. जुलै 2015 मध्ये रॉरी मॅकडोनाल्डने विजेत्या रॉबी लॉलरविरुद्ध शक्तीचे असे भान ठेवले की चार फेऱ्यांनंतर तो गुणांत पुढे होता. पाचवीच्या पहिल्याच मिनिटात मोडलेल्या नाकावर ठोसे बसून तो कोसळला. ऑगस्ट 2022 मध्ये सॉल्ट लेक सिटीत लिऑन एडवर्ड्सचे उलटे झाले. पहिली फेरी जिंकून पुढच्या तीन त्याने गमावल्या, पाचवीतही मागेच होता, आणि मिनिटभरही शिल्लक नसताना डोक्यावर मारलेल्या एका लाथेने त्याने कमारू उस्मानकडून पट्टा घेतला. त्याला दमसासाचा विजय म्हणणे ओढूनताणून होईल. मार्च 2016 मध्ये मीशा टेटही गुणांत मागे होती आणि शेवटची दीड मिनिटे उरली असताना तिने हॉली होमचा गळा आवळला. या तिघांत एक हरला, दोघे जिंकले. मला त्यांच्यात समान दिसते ते इतकेच की पाचव्या फेरीत तिघेही लढत होते, लढत संपण्याची वाट बघत नव्हते. हा फरक निकालपत्रावर येत नाही, पण फेरी चालू असताना उघड्या डोळ्यांना दिसतो. म्हणूनच तो निकालाचा दास नाही. बॉस्टनमधला भडिमार यशस्वी झाला असता तर मी त्याला यश म्हटले असते, धृती तरीही म्हटली नसती.

आता सुरुवातीची शंका. पाचव्या फेरीसाठी शक्ती ठेवणारा फळाचा विचार करत नाही काय? इथे कर्माचे माप आणि फळाचे माप वेगळे ठेवले पाहिजे. लढत पंचवीस मिनिटांची आहे हे जाणणे म्हणजे कर्माचा आकार जाणणे. पट्टा कमरेला कसा दिसेल हे रंगवणे म्हणजे फळाचे चिंतन. शेतकरी आठ महिन्यांचे धान्य आठ महिन्यांवर बसवतो म्हणून तो फलासक्त ठरत नाही. स्टोइक विचारवंत एपिक्टेटस सांगायचा की ऑलिंपिक जिंकायचे असेल तर आधी काय करावे लागते आणि नंतर काय भोगावे लागते ते पाहा, मग उतरा. हा सल्ला फळाची ओढ वाढवत नाही, ती तपासायला लावतो. आणि निष्कामतेचा अर्थ बेहिशेबीपणा असा घेतला तर सहाव्या अध्यायातली आहार, विहार, चेष्टा, निद्रा आणि जागृती यांच्या प्रमाणाची सगळी शिकवण निरर्थक ठरेल.

राहिला सर्वांत गंभीर आक्षेप. पैशासाठी आणि पट्ट्यासाठी दुसऱ्याला बेशुद्ध करण्यात कसली आली सात्त्विकता? इथे मी गीतेच्याच वर्गीकरणाला शरण जातो. राजस कर्त्याच्या लक्षणांत फळाची इच्छा आहे, लोभ आहे, आणि हिंसाही आहे. व्यावसायिक लढवय्या बहुतेक सगळा त्या रकान्यात बसतो आणि त्याला तिथून ओढून वर बसवण्याचा माझा हेतू नाही. मुष्टियोद्ध्यांबद्दल ॲरिस्टॉटल म्हणतो की त्यांना मुकुट आणि मान गोड वाटतो, पण ठोसे दुखतातच, आणि मिळवायचे इतके थोडे की त्यात गोड काही नाहीच असे वाटावे. तेव्हा आव्हानवीराची धृती दुसऱ्या प्रतीची, हा माझा निर्णय. पण तिसरीतून दुसरीत येणे हेही लहान अंतर नाही, आणि एन्गानूला ते पार करायला जवळपास तीन वर्षे लागली. जानेवारी 2022 मध्ये, दुखावलेला गुडघा घेऊन, सिरिल गानविरुद्ध पहिल्या दोन फेऱ्या गमावल्यावर त्याने पवित्रा बदलून कुस्तीचा आधार घेतला आणि पंचवीस मिनिटे पुरी करून गुणांवर पट्टा राखला. वर्षभराने करार न जुळल्यामुळे त्याने यूएफसी सोडली आणि पट्टा मागे राहिला. यात कुणी संन्यास वाचू नये, तो व्यवहार होता. ऑक्टोबर 2023 मध्ये रियाधला, पहिल्याच व्यावसायिक बॉक्सिंग लढतीत, तो टायसन फ्युरीविरुद्ध पूर्ण दहा फेऱ्या लढला, तिसऱ्या फेरीत त्याने फ्युरीला खाली पाडले, आणि पंचांच्या विभागलेल्या निर्णयाने हरला.